किरकोळ गुन्हा म्हणजे नक्की किती किरकोळ? चार प्रकरणं, मतं हवीत

लालबाग_अभ्यासवर्ग

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या अभ्यासवर्गात ‘किरकोळ गुन्ह्यांना फौजदारी कायद्याने कसं वागवावं’ यावर चर्चा आहे आणि आत्ताच दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, छोट्या गोष्टीत सूट दिली की माणूस सोकावतो. दुसऱ्यांचं म्हणणं, पाचशे रुपयांच्या दंडापायी कामाचे दहा खाडे होतात, शिक्षा तीच. हवेत बोलणं नको म्हणून चार काल्पनिक प्रकरणं घेतली आहेत.

१. दादरला पदपथावर १९ वर्षांचा मुलगा एका फेरीवाल्याच्या टेबलावरून साडेचार हजारांचा मोबाइल उचलतो. लगेच पकडला जातो, मोबाइल परत मिळतो. आधीचा एकही गुन्हा नाही.
२. चाळीत पाण्यावरून जुंपते. एक थप्पड, ओठ फुटतो.
३. रूळ ओलांडताना आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) पकडते.
४. परवाना नसलेली ज्यूसची गाडी पदपथावर उभी आहे.

आज यात काय होतं आणि काय व्हायला हवं? कलमांसकट सांगितलंत तर उपकार होतील. १ जुलै २०२४ ला नव्या संहिता (गुन्हे आणि शिक्षांची न्याय संहिता, पोलीस-कोर्टाच्या कार्यपद्धतीची नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाल्यापासून आमची जुनी टिपणं रद्दीत गेली आहेत.

भोईवाडा_कट्टा

आधी शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: ‘किरकोळ’ची एक व्याख्या कुठेच नाही. सामुदायिक सेवेसाठी चोरीच्या मालाचं माप ५,००० रुपयांखालचं. संक्षिप्त, म्हणजे थोडक्यात उरकायच्या, खटल्यासाठी (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २८३) तेच माप २०,००० चं. घरबसल्या टपालाने दंड भरून मोकळं व्हायचं (कलम २२९) तर ज्याला फक्त दंड आहे आणि तोही ५,००० पर्यंतच, असाच गुन्हा हवा. अटकेऐवजी नोटीस (कलम ३५(३)) हवी तर माप सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं. चार फूटपट्ट्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. त्यामुळे माणसाचं काय होणार हे बरंचसं ठाण्यात पहिल्या तासाला कुठलं कलम लिहिलं जातं यावर ठरतं.

तुमचं पहिलं प्रकरण घ्या. न्याय संहितेचं कलम ३०३(२), म्हणजे साधी चोरी: तीन वर्षांपर्यंत कैद. त्याला जोडलेलं परंतुक (अपवादाची जोड) सांगतं की माल ५,००० पेक्षा कमी किमतीचा, दोषी पहिल्यांदाच ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. इथपर्यंत सगळं छान. पण ही सवलत फक्त ३०३(२) ला आहे. हाच मोबाइल दुकानाच्या काउंटरवरून उचलला असता तर ‘माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी’ म्हणून ३०५(क) लागू शकतं आणि तिथे सात वर्षांपर्यंत कैद. लोकलच्या डब्यातून उचलला तर प्रवासी वाहनातल्या वस्तूची चोरी, पुन्हा ३०५. नोकराने मालकाची वस्तू नेली तर ३०६. हिसकावून पळाला तर ३०४. आणि रुळालगत उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारणारी फटका गँग असेल तर ती चोरी उरतच नाही, जबरी चोरी होते, मग मोबाइल पाचशेचा का असेना. म्हणजे मुंबईत मोबाइल जिथे जिथे जातात त्यातल्या बहुतेक जागा सवलतीच्या बाहेर. उरला पदपथ, मैदान आणि फार तर फलाट. तुमच्या मुलाचं नशीब, टेबल उघड्यावर होतं.

दुसरी खोच. माल ‘परत केला’ म्हणजे काय? पोलिसांनी खिशातून काढून जप्त केला तर ते आरोपीने परत करणं झालं का? कायद्याचे शब्द दोन्हीकडे ओढता येतात. म्हणून बचावाच्या वकिलाने पहिल्याच तारखेला लेखी द्यावं की मुद्देमाल मालकाला देण्यास आरोपीची हरकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे मालाचं वर्णन कोर्टाने १४ दिवसांत तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि पुढच्या ३० दिवसांत मालाची विल्हेवाट ठरवायची. मालकाच्या हातात मोबाइल पडला की त्या परंतुकावर वाद घालणं सोपं जातं.

पण सामुदायिक सेवा ही शिक्षा आहे, म्हणजे दोषसिद्धी आलीच. तिच्या आधी दोन दारं उघडी असतात आणि ती कुणी बघत नाही. एक, तडजोड: त्याच संहितेच्या कलम ३५९ खाली चोरीच्या मालाचा मालक तडजोड करू शकतो आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेइतका. दोन, १९५८ चा परिविक्षा (प्रोबेशन) कायदा. त्याच्या कलम ३ खाली समज देऊन सोडता येतं, कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर). आणि वय २१ च्या आत असल्याने कलम ६ लागू: कैद द्यायचीच असेल तर कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणं लिहायची. त्या कायद्यात अजून जुन्या दंडसंहितेचे आकडे आहेत (३७९, ३८० वगैरे), म्हणून ‘नव्या कलमाला हा लागू नाही’ असा आक्षेप कुणी काढलाच तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ८ दाखवायचं: जुन्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचा समजायचा.

माजी_ठाणेअंमलदार

वकीलसाहेबांनी बचावाची बाजू चोख मांडली. ज्याचा मोबाइल गेला त्याच्याबद्दल कुणी तरी बोला.

नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत (गुन्ह्यांच्या तक्त्यात) ५,००० खालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र करून ठेवली आहे. म्हणजे एफआयआर नाही, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद). दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय (कलम १७४) तपास नाही. इथे लिहिणाऱ्यांचं डोकं नक्की कुठे होतं कळत नाही. सवलतीच्या अटी आहेत पहिल्यांदा दोषी ठरणं आणि माल परत करणं. या दोन्ही गोष्टी निकालाच्या दिवशी कळणार. अनुसूची मात्र लागू होते ठाण्याच्या टेबलावर, जिथे चोर कोण हेच ठाऊक नसतं. तपास नाही तर चोर सापडत नाही, आणि सापडलाच नाही तर सामुदायिक सेवा करणार कोण?

किमतीचा घोळ आणखी वेगळा. बिलावरची किंमत धरायची की वापरलेल्या मोबाइलची आजची? कायदा गप्प. ९,००० ला घेतलेला दोन वर्षं वापरलेला फोन कुणी ४,५०० चा लिहील, कुणी ६,००० चा. पहिल्यात एनसी, दुसऱ्यात दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणून फिर्यादीने बिल सोबत न्यावं, बिल नसेल तर खरेदीचा मेसेज किंवा खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक). आणि घटना नेमकी सांगावी: हातातून ओढला की टेबलावरून उचलला, डब्यात की फलाटावर. वर सांगितलेली सगळी कलमं याच दोन-तीन शब्दांवर फिरतात. रेल्वेच्या हद्दीत घडलं असेल तर लोहमार्ग पोलीस. हद्द आमची नाही असं कुणी म्हणालं तरी दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कलम १७३ मध्ये तसं लिहिलंच आहे. एनसीची प्रत मिळाली तरी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर सुविधेत फोन बंद करायला तिचा उपयोग होतो. त्याआधी त्याच नंबरचं नवं सिम काढून घ्या, ओटीपी त्यावर येतो.

थपडेचं प्रकरण: न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र, जामीनपात्र. एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. ओठ फुटला तोवर ठीक, दात पडला किंवा हलला तर मात्र गंभीर दुखापत (कलम ११६), ती दखलपात्र आणि सात वर्षांपर्यंतची. पंधरा दिवस अंथरुणाला खिळला तरी गंभीर, पूर्वी वीस होते. चाळीच्या भांडणात बहुतेक वेळा दोन्हीकडून एनसी पडते, म्हणजे क्रॉस एनसी. मग येते चॅप्टर केस, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६: सहायक आयुक्तांच्या कार्यालयात दोन्ही बाजूंना बोलावून जास्तीत जास्त एक वर्षासाठी शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात. लोक तिला शिक्षा समजून घाबरतात. ती शिक्षा नाही, पण बंधपत्र मोडलं तर रक्कम जाते आणि पोलिसांच्या नोंदीत नाव राहतं. शेजारीपाजारी असतील तर माझ्या मते हे खटल्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त पाण्याची वेळ कुणी ठरवून द्यायची ते त्या बंधपत्रात कधीच नसतं, त्यामुळे उन्हाळा आला की पुन्हा तेच.

एनसीवर समाधान नसेल तर त्याच संहितेच्या कलम २२३ खाली थेट दंडाधिकाऱ्याकडे खाजगी तक्रार करता येते. मात्र मुदत लक्षात ठेवा: एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने. लोक सोसायटीच्या बैठका घेत बसतात आणि मुदत निघून जाते.

सँडहर्स्ट_रोड

तिसऱ्याचं थोडक्यात. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वे कोर्टात रांग लागते, नाव पुकारतात, ‘गुन्हा कबूल?’ विचारतात, दंड भरला की संपलं. खिशात पैसे नसतील तर दंडाच्या बदल्यात काही दिवस आत. मुद्दा इथे येतो. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत सुरुवातीला दंडासाठी २५,००० पर्यंत आणि जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदत ठरली होती, पण चार दिवसांची कैद कागद हलेपर्यंत भोगून झालेली असते. रुळाच्या दोन बाजूंना वस्ती आणि बाजार असताना पूल अर्धा किलोमीटर लांब ठेवून दंड वाढवत नेण्यात काय हशील, हा प्रश्न फौजदारी कायद्याबाहेरचा आहे, तरी रविवारी जरूर विचारा.

परिविक्षा_डायरी

सामुदायिक सेवेवर सगळे टाळ्या वाजवतात म्हणून त्यातल्या अडचणी सांगते.

कल्पना नवी नाही. १९७८ च्या दंडसंहिता दुरुस्ती विधेयकात ती होती, ते विधेयकच पुढे बारगळलं. आता ती न्याय संहितेत आली, पण फक्त सहा गुन्ह्यांना: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणं (२०२), उद्घोषणेनंतरही हजर न होणं (२०९), लोकसेवकावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न (२२६), छोटी चोरी, दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन (३५५) आणि अब्रुनुकसानी (३५६). यादी पुन्हा वाचा. चाळीतली थप्पड त्यात नाही, रूळ ओलांडणं नाही, ज्यूसची गाडी नाही. वर्तमानपत्रातून बदनामी करणाऱ्याला ती मिळू शकते, शेजाऱ्याला चापट मारणाऱ्याला नाही. चौघांपैकी तुमच्या फक्त पहिल्या मुलाला ती लागू होते.

व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ च्या स्पष्टीकरणात आहे: समाजाला उपयोगी पडेल असं काम, मोबदला नाही. किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, काम करताना बोट कापलं तर औषधपाणी कुणी करायचं, यातलं काहीही संहितेत नाही. इंग्लंडमध्ये हेच काम कायद्याने ४० ते ३०० तासांत बांधलेलं आहे. आपल्याकडे आदेशातच सगळं लिहिलं नाही तर फजिती होते. ‘आरोपीने रुग्णालयात सेवा करावी’ एवढाच आदेश घेऊन माणूस गेला तर तिथला कारकून म्हणतो, असं पत्र आमच्याकडे आलेलं नाही. तो परत येतो, पुढची तारीख पडते, आणि सेवा केली नाही असा अहवाल गेला तर न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे त्याबदली साधी कैद.

म्हणून वकिलांनी आदेशात हे मागून घ्यावं: एकूण तास, आठवड्यातले वार, संस्थेचं नाव, हजेरीवर सही करणाऱ्याचा हुद्दा, काम संपवायची शेवटची तारीख आणि अहवाल कोर्टात कुणी पाठवायचा. नाका कामगाराला किंवा डिलिव्हरीवाल्याला सलग आठ दिवस लावले तर तो दंडच झाला, तोही त्याला न झेपणारा. रविवारचे चार-चार तास लावले तर चाळीस तास दहा आठवड्यांत होतात आणि रोजी बुडत नाही. पहिल्या चोरीला माझ्या मते तेवढे पुरेत. कामाची जागा घरापासून एका लोकलच्या अंतरावर असावी. लहान मूल असलेल्या बाईला दुपारची वेळ.

काम कुठलं, हेही बघा. सहज सुचतं ते म्हणजे गटार साफ करा, झाडू मारा. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या जातींवर लादलं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच शिक्षा म्हणून द्यायचं आणि महापालिकेच्या सफाई कामगाराने शेजारी उभं राहून बघायचं, यात दोघांचाही अपमान आहे. वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हर घालणं, नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरणं, रुग्णालयात व्हीलचेअर ढकलणं, अशी हवी तितकी कामं आहेत. गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणं तर मुळीच नको.

पुण्यात २०२४ मध्ये अपघाताच्या प्रकरणात अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यापासून असल्या शिक्षांची चेष्टा होते. ते प्रकरण किरकोळ नव्हतं, दोन जीव गेले होते. छोट्या चोरीसाठी सुचवलेल्या उपायाला त्यावरून नावं ठेवू नका.

माजी_ठाणेअंमलदार

ताई, बाकी पटलं. पण हजेरीवर सही करणाऱ्यांना शंभर रुपये देऊन चाळीस तास एका दुपारी भरतील, त्याचं काय?

परिविक्षा_डायरी

भरतील. म्हणून काम मोजता येईल असं द्यायचं: दोनशे पुस्तकं, पाचशे पिशव्या. तास खोटे लिहिता येतात, कव्हर घातलेली पुस्तकं मोजता येतात. आणि परिविक्षा अधिकाऱ्याने न सांगता एक फेरी मारायची. अधिकारी मोजकेच आहेत हे मान्य, पण न्यायाधीशांवर आणि तुरुंगावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्यांची पदं भरणं स्वस्त पडेल.

गिरगाव_टिपण

चौथं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. पदपथ अडवणं, न्याय संहितेचं कलम २८५. जुन्या संहितेत (२८३) कमाल दंड २०० होता, आता ५,०००. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी धार बोथट केली, त्यांतल्या बहुतेक उद्योग-व्यापाराच्या. त्याच वर्षी रस्त्यावरच्या गुन्ह्याचा दंड पंचवीसपट झाला. कारखानदाराला विश्वास, गाडीवाल्याला दंड.

खरं तर पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये विनाप्रमाणपत्र विक्रीसाठी २,००० पर्यंतची शास्ती आहे आणि ती स्थानिक प्राधिकरणाने ठरवायची आहे. त्यात पोलीस, जामीन, वॉरंट काही नाही. एवढा दुसरा रस्ता बांधलेला असताना गाडीवाल्याला २८५ खाली कोर्टात नेणं म्हणजे दंडाधिकाऱ्याचा वेळ फुकट घालवणं. जर्मनीने १९६८ च्या कायद्याने अशा बारीक उल्लंघनांना गुन्ह्यांतून काढून प्रशासकीय शास्तीच्या वेगळ्या खात्यात टाकलं: अधिकारी दंड लावतो, मान्य नसेल तर हरकत घ्या, मग न्यायालय. दोषसिद्धीचा डाग नाही.

मात्र आंधळेपणाने त्यामागे धावू नका. ज्याच्या हातात पावतीपुस्तक त्याच्या हातात सत्ता, हे मुंबईकराला सांगायला नको. वाहतुकीचं ई-चलन बघा, गुन्हा घडल्याचं माणसाला तीन महिन्यांनी कळतं आणि तोवर पाच चलनं साचतात. पावतीवर फोटो, वेळ, जागा आणि हरकत घ्यायची मुदत छापलेली असेल आणि हरकत ऐकणारा माणूस दंड लावणाऱ्याच्या खात्यातला नसेल, तरच हे चालेल. दंडाची रक्कम कमाईशी बांधायची जर्मन पद्धतही इथे आणावी. ५०० रुपये नाका कामगाराचा दिवस खातात, नरिमन पॉइंटच्या साहेबाचा चहा.

आणि ज्यांना वाटतं सगळ्याला एफआयआर हवाच, त्यांनी टाळेबंदीतले जुन्या दंडसंहितेच्या कलम १८८ चे गुन्हे आठवावेत. लोकसेवकाच्या आदेशाचा भंग असेल तर त्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कोर्टाला दखल घेता येत नाही. तरी राज्यभर गुन्हे नोंदवले आणि शेवटी २०२२ मध्ये सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं.

लालबाग_अभ्यासवर्ग

सगळ्यांचे आभार, रविवारची सोय झाली. एकच शंका उरली. ‘कबूल करा, पाचशे भरा, घरी जा’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास मिळतो. तो चुकीचा का? आणि पासपोर्ट, नोकरी यांचं काय होतं?

भोईवाडा_कट्टा

कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि कबुलीनंतर अपील फक्त शिक्षा किती किंवा कायदेशीर की नाही एवढ्यावर (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४१६). गुन्हा केलाच नव्हता हे नंतर सांगता येत नाही.

तरी लोक कबूल का करतात ते पासपोर्टमुळे समजतं. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(ई) मध्ये अडतो तो गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झालेला माणूस. पाचशे दंडवाला त्यात बसत नाही. पण ६(२)(एफ) मध्ये ज्याचा खटला नुसता चालू आहे तो अडतो, मग थपडेचा का असेना, आणि त्याला कोर्टाची परवानगी आणावी लागते. दोषी सुटतो आणि निर्दोष तारखा मोजतो. आखातात जायची घाई असलेला मुलगा काय निवडेल ते सांगायला नको. तारीख चुकवली तर ते आणखी महागात जातं: अजामीनपात्र वॉरंट, जामिनाची रक्कम जप्त, वर न्याय संहितेच्या कलम २६९ चा स्वतंत्र गुन्हा, एक वर्षापर्यंतचा. म्हणून हजर राहता येणार नसेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक १५१००.

नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘अटक, खटला, शिक्षा’ असा रकाना असेल तर खरं लिहा. अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गुन्हा क्षुल्लक असेल तर दडवल्याबद्दलही नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, पण ‘करू शकतो’ यावर नोकरी टांगून ठेवू नये.

परिविक्षेवर सुटका झाली असेल तर त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आदेशात कलम १२ चा उल्लेख करून घ्या आणि त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका. दहा वर्षांनी पडताळणीला आलेल्या हवालदाराला तीच दाखवायची असते आणि तोवर कोर्टाची फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते.